काचेच्या पट्ट्या लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात आणि भाषणं सुरू व्हायच्या आत उठून गेलात, हे मी व्यासपीठावरून पाहिलं. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. देणगीदार झाले, वास्तुविशारद झाले, ठेकेदार झाले. तुमचं नाव आलं तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती आणि मी एका वाक्यात उरकलं. ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. कारण तुमच्या विरोधात बोललो होतो तेव्हाही चारचौघांतच बोललो होतो.

ती सभा आठवते ना? जुनी इमारत पाडायची की डागडुजी करून अजून काही वर्षं ढकलायची, यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालला होता. मी डागडुजीवाला. गच्चीला वॉटरप्रूफिंग, भिंतींना गिलावा, वरून रंगाचा हात, झालं काम. "भेगा काय, जुन्या घराला असायच्याच," हे वाक्य माझंच. तुम्ही उठून एवढंच विचारलंत, "भेगा जुन्या आहेत की अजून चालू आहेत?" कुणाला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी तुम्ही स्टूल घेऊन हजर. पिशवीत प्रयोगशाळेतल्या स्लाइडसारख्या पातळ काचेच्या पट्ट्या आणि डबाभर प्लास्टर ऑफ पॅरिस. प्रत्येक भेगेवर एक पट्टी आडवी, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये घट्ट, शेजारी पेन्सिलीने तारीख. भेग थांबलेली असेल तर काच शाबूत राहील, जराशी जरी सरकली तरी तडकेल. इतकं साधं. आम्ही मागे हसलो होतो, हेही आता सांगून टाकतो. तिसऱ्या महिन्यात बांधीव मासिकांच्या खोलीतली पट्टी मधोमध तडकली, आठवड्याने तिच्या शेजारची. तुम्ही मला बोलावलंत, स्टुलावर चढवलंत, हातात बॅटरी दिलीत. बोलला मात्र काही नाहीत. त्या दिवशी "मी सांगत होतो" असं म्हणायचा पूर्ण हक्क तुम्हाला होता.

कारण कळलं तेव्हा लाजच वाटली. ती वास्तू मुळात राहण्यासाठी बांधलेली. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. ग्रंथसंग्रहाच्या खोलीला निदान ६०० धरावे लागतात, आणि कपाटं २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्याहूनही जास्त. आम्ही जागा पुरेना म्हणून वर्षानुवर्षं कपाटावर कपाट चढवत गेलो. ग्रंथपाल बाईंना हिशेब पटेना, तेव्हा त्यांनी शब्दकोशांची मीटरभर फळी उतरवून काट्यावर ठेवली. ४० किलोला थोडी कमी भरली. त्यानंतर बराच वेळ वरच्या मजल्यावर कुणी पाय आपटून चाललं नाही!

मग तुम्ही तुळयांवर हातोडीने टकटक केलंत. काही ठिकाणी खणखणीत, काही ठिकाणी बद्द. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो, पोपडे पडतात ते त्यामुळे, हे तुम्ही समजावलंत. मी सुचवलेल्या गिलाव्याने तो बद्द आवाज फक्त झाकला गेला असता.

नव्या इमारतीच्या नकाशावरही तुम्ही आम्हाला स्वस्थ बसू दिलं नाहीत. संग्रहाच्या खोलीवर पाण्याची टाकी होती, ती हलली. पश्चिमेला मोठी काचेची भिंत होती, चित्रात फार देखणी. तुम्ही विचारलंत, दुपारी चार वाजता ऊन कुठवर येईल? नकाशावर पट्टीने रेघ ओढली तर थेट जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटापर्यंत. ज्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातलं एक द्रव्य, जास्त तो उजेडात लवकर पिवळा पडतो, आणि वर्तमानपत्राचा कागद तर तसलाच. भिंत उत्तरेला गेली. उताराचंही तेच. जोतं ४५ सेंटिमीटर उंच, म्हणजे १ ला १२ या प्रमाणात रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. नकाशात होता तीन मीटर. "चाकाची खुर्ची तुम्ही ढकलणार का?" हा तुमचा प्रश्न वास्तुविशारदांना झोंबला होता. रॅम्प मात्र लांबला.

सगळ्यात मोठं भांडण फळ्यांवरून झालं. तुम्ही म्हणालात, प्रत्येक फळीचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडा. देणगीदारांना रिकाम्या फळ्या दाखवायच्या? कार्यकारिणी उसळली. तुम्ही जुन्या वाचनकक्षातल्या पाटीकडे बोट दाखवलंत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं त्या पाटीवर रंगवलेली होती. पाचवं सूत्र, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, पुढ्यातल्या कपाटामागे अर्धं झाकलेलं. इतकी वर्षं त्या पाटीखाली बसून आम्ही सभा घेतल्या होत्या.

स्थलांतराबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ते तुमच्यामुळे विनासायास पार पडलं. लहान खोकी, कारण मोठं भरलं की उचलवत नाही. प्रत्येक खोक्यावर दोन आकडे, कुठल्या फळीवरून आलं आणि कुठल्या फळीवर जायचं. मुलांनी साखळी करून खोकी पोचवली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी देवघेव सुरू झाली. एका वाचकाने तर फळीवर जाऊन नेमकं हवं ते पुस्तक काढलं आणि नव्या इमारतीकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला तीच खरी पावती वाटली.

यातल्या कशाचा तुम्ही छदाम घेतला नाहीत. कोनशिलेवर नाव घालू म्हटलं तर, "दगडावर जागा कमी आहे, अक्षरं मोठी ठेवा, म्हाताऱ्यांना वाचता यायला हवीत," म्हणून टाळलंत. त्या दोन तडकलेल्या पट्ट्या मी जुनी भिंत पाडायच्या आधी प्लास्टरसकट काढून ठेवल्या. पेन्सिलीची तारीख भिंतीबरोबर गेली, ती मी तुमच्या वहीतून उतरवून सोबत ठेवली आहे. देवघेवीच्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत, कधीही या आणि बघा.

आणि येताना एक काम करा. स्थलांतराच्या आदल्या दिवशी तुम्ही एक प्रवासवर्णन नेलं होतंत. त्याची मुदत कधीच उलटली आहे. ग्रंथपाल बाईंनी त्याची जागा फळीवर मोकळी ठेवली आहे, तुमच्या एक तृतीयांशाच्या व्यतिरिक्त. दंड माफ करावा का, असं मी विचारून पाहिलं. त्या नाही म्हणाल्या.

आपला कृतज्ञ,
डागडुजीवाला कार्यकारिणी सदस्य