काकांच्या वजनकाट्याबद्दल

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार. काका घरी आले हे ऐकून बरं वाटलं. 'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, पंप अशक्त झालाय, हे त्यांना पुन्हापुन्हा सांग. त्या शब्दांनीच माणूस खचतो.

डिस्चार्जच्या कागदावरचं सगळं आमच्या अप्पांना तोंडपाठ होतं. तरी पाय सुजले की "फार वेळ खुर्चीत बसलो" म्हणून मोकळे व्हायचे. शरीराची खूण ओळखायला ते शिकले रोजच्या वजनाने. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, आणि आकडा लगेच कॅलेंडरवर. तीन दिवसांत 2 किलोहून जास्त वाढलं, तर अंगात पाणी साठतंय असं समजायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. धाप पुष्कळदा त्यानंतर लागते. काही रुग्णांना लघवीची गोळी कधी, किती वाढवायची हे डॉक्टर लिहून देतात. काकांसाठी विचारून घे, मनाने मात्र काही करू नका.

आकडा वाढला की अप्पा मागचे दोन दिवस आठवू लागले. लग्नातलं जेवण? पापड-लोणचं? की एसटीत पंचाईत नको म्हणून टाळलेली गोळी? खरं शिक्षण इथे झालं. बार्बरा रीगल या अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक स्वकाळजीचे तीन भाग सांगतात: पथ्यपाणी सांभाळणं, लक्षणं हेरणं आणि त्यावर पाऊल उचलणं. अप्पांना पहिला चांगला जमायचा, अडायचं ते दुसऱ्यावर.

म्हणून काकूंना माझं कळकळीचं सांगणं, वजन काकांनीच बघावं, काकांनीच लिहावं. आई लिहायची तोवर अप्पांनी त्या आकड्यात कधी डोकं घातलं नाही. तपासणीहून निघतानाही "वजन वाढलं तर काय करणार?" हे काकांनी डॉक्टरांना स्वतःच्या शब्दांत सांगावं. कुठे गोंधळ आहे ते तिथेच कळतं.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. सैंधवाने सुटका नाही, तेही मीठच. 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असतं, काकांच्या गोळ्यांबरोबर ते विचारल्याशिवाय नको. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनही नको, त्याने अंगात पाणी धरतं.

आणि आडवं पडल्यावर दम लागू लागला, एका उशीच्या दोन झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा. बसल्या जागी दम लागला तर थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी.

रविवारी येतोय. घरात काटा नसेल तर कळव, येताना घेऊन येतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू