रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दमणं खोटं ठरत नाही

प्रिय सखे,

काल फोन ठेवला आणि रात्रभर तुझं एकच वाक्य डोक्यात राहिलं. "रिपोर्ट तर नॉर्मल आलाय, म्हणजे माझाच आळस असणार." तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी आईजवळ बोलले होते, बहुतेक याच आवाजात. फोनवर तुला धड काही सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पत्र लांबणार आहे. दमली असशील तर दोन बैठकांत वाच, पण पूर्ण वाच.

माझं कसं सुरू झालं ते मी तुलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. आधी जिने. मग केस, विंचरताना हातात गुंताच्या गुंता. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पायांत अशी काही चुळबुळ सुरू व्हायची की उठून येरझारा घालाव्या लागत. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, कारण तिची लाज वाटायची. मला बर्फ खायची ओढ लागली होती. गंमत म्हणून नव्हे गं, अगदी व्यसनासारखी. घरातले झोपले की मी फ्रीजपाशी उभी राहून बर्फाचे खडे कडाकडा चावत असे. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं आणि त्याला वैद्यकात पॅगोफेजिया असं नावही आहे, हे कळलं त्या दिवशी मी डॉक्टरांसमोरच रडले. उपचार सुरू झाल्यावर सगळ्यात आधी, हिमोग्लोबिन हलायच्याही आधी, गेली ती ही ओढ. तुला असं काही होतं का? होत असेल तर लपवू नकोस.

आता तुझ्या रिपोर्टबद्दल. तुझं हिमोग्लोबिन १२.३ आहे. माझं तेव्हा १२.१ होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ही रेघ ठरवली आहे, पुरुषांसाठी १३ आणि गरोदरपणात ११. रेघेच्या वर आहे म्हटल्यावर पहिल्या डॉक्टरांनी कागद परत दिला, "ताण कमी करा" म्हणाले, आणि मी खरंच वर्षभर ताण कमी करत बसले. पण हिमोग्लोबिन घसरतं ते सगळ्यात शेवटी. कणगीतलं धान्य तळाला गेलं तरी ताटात वाढलेलं शेवटपर्यंत पुरेसंच दिसतं ना, तसं. कणगीत किती उरलंय ते सांगणारी तपासणी वेगळी असते. तिचं नाव फेरिटिन, आणि ती नेहमीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, येत नाही, मुद्दाम लिहून घ्यावी लागते. माझं फेरिटिन ७ निघालं. मोठ्या माणसात १५ च्या खाली म्हणजे साठा संपलाच, आणि लक्षणं असतील तर बरेच डॉक्टर ३० च्या खालीही कमतरता धरतात. अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर मात्र फेरिटिन उगाच वर दिसतं. म्हणून त्याच्याबरोबर सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, करून घेतात. सर्दी-तापातून उठल्या उठल्या ही तपासणी करू नकोस.

तुझ्या कागदावर आणखी एक आकडा आहे, त्याकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. आरडीडब्ल्यू. तांबड्या पेशींच्या आकारात किती फरक आहे, ते तो सांगतो. माझा तो १८ होता, साधारण साडेचौदापर्यंत चालतो. पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, मात्र अगदी मधोमध, ८६. दुसऱ्या डॉक्टर, ज्यांच्याकडे मी अजून जाते, त्या या दोन आकड्यांवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी पडली की मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी पडलं तर लहान आणि मोठ्यांची सरासरी नेमकी ठीक येते. दोन आजार एकमेकांना झाकत होते आणि कागद म्हणत होता नॉर्मल. माझं बी-१२ मोजलं तर १६८. २०० च्या खाली कमतरता, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासून खात्री करतात. तळपायांना मुंग्या येतात असं तू काल ओझरतं म्हणालीस ना? मी ते सोडून देणार नाही. ते बी-१२ चं असू शकतं.

आणि म्हणूनच कुणी दिलेल्या नुसत्या फॉलिक ॲसिडच्या, म्हणजे फोलेटच्याच, गोळ्या सुरू करू नकोस. फोलेटची गोष्ट मला डॉक्टरांनीच सांगितली. लुसी विल्स नावाच्या इंग्रज संशोधक १९२८ मध्ये मुंबईत आल्या होत्या, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या गरोदरपणातल्या ॲनिमियाचा अभ्यास करायला. त्या बायकांच्या रक्तात पेशी मोठ्या झालेल्या असत. विल्स यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला आणि त्यानं त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. किती बायकांचे जीव वाचले असतील त्यानं! पण बी-१२ कमी असताना एकटं फोलेट दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. नसांचं नुकसान फार लांबलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. या एका गोष्टीसाठी मी तुझ्यामागे तगादा लावते आहे असं समज.

एवढं सगळं मोजून झाल्यावर खरा प्रश्न उरतो, आणि तोच बहुतेक वेळा विचारला जात नाही. लोह गेलं कुठे? शरीरात एकूण लोह तीन-चार ग्रॅम, त्यातलं बरंचसं रक्तातच. जुन्या पेशी १२० दिवसांनी मोडतात, त्यातलं लोह पुन्हा वापरलं जातं, आणि बाहेरून रोज शोषलं जातं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त समजतात, म्हणजे ४० मिलिग्रॅम लोह गेलं. महिनाभराची कमाई चार-पाच दिवसांत वाहून जाते! मिलिलिटर कुणी मोजत नाही, पण तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, त्यासाठी रात्री उठावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, सातव्या दिवसानंतरही सुरू राहणं, हे मोजता येतं. मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या घरात सगळ्यांच्याच अंगावरून असं जातं." माझी आजी आयुष्यभर भिंतीला धरून चालत असे आणि आम्ही तिला नाजूक म्हणत आलो. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. माझ्या सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघाला. शिवाय मी चार वर्षं रोज आम्लपित्ताची गोळी घेत होते, कुणी बंद करायला सांगितलीच नव्हती. पोटातलं आम्ल कमी झालं की लोहही नीट शोषलं जात नाही आणि अन्नातलं बी-१२ ही मोकळं होत नाही. एका गोळीनं दोन्ही दारं अर्धी लावली होती.

तुझं कारण वेगळं असेल. सीलियाक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला होणारा आजार, असू शकतो, जठरातले एच. पायलोरी जंतू असू शकतात, जठराच्या अस्तरावर शरीरानंच केलेला हल्ला असू शकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ घसरतं. आणि हे तुझ्या दादासाठी लिहिते, कारण त्याचंही हिमोग्लोबिन कमी आल्याचं तू म्हणालीस: पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत, लोह कमी निघालं तर पोटात आणि आतड्यात कुठे रक्त जातंय का ते दुर्बिणीनं पाहावंच लागतं. त्याला गोळ्या खाऊन थांबू देऊ नकोस.

आता गोळ्यांबद्दल. इथे माझी स्वतःची चूक आधी सांगते. पहिल्यांदा मी दिवसातून तीन गोळ्या, आणि त्याही चहाबरोबर घेत होते. बाराव्या दिवशी बद्धकोष्ठ आणि मळमळीनं हैराण होऊन सोडून दिल्या. नंतर कळलं की एक डोस गेला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते साधारण दिवसभर लोहाची वाट अडवून धरतं. म्हणून आता बरेच डॉक्टर दिवसाआड एकच गोळी देतात. शोषण चांगलं होतं आणि पोटाला त्रास कमी. मला तेच मानवलं. सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम, आम्लपित्ताचं औषध, यांपासून दोन तास लांब. तू थायरॉईडची गोळी घेतेस, तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर ठेव, नाहीतर थायरॉईडची मात्राच कमी पडेल. पाकिटावरचा आकडाही नीट वाच. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरू नकोस, पण डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर ते वेगळं, त्याच दिवशी दाखव. गोळ्या तुझ्या पिल्लाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेव. लहान मुलाला लोहाच्या थोड्या गोळ्याही जिवावर बेततात.

तीन-चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपास. साधारण एक-दोन ग्रॅमनं वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी घेतली जात नाही, शोषली जात नाही, किंवा रक्त अजून जातंय, यांपैकी काहीतरी आहे. तेव्हा शिरेतून लोह देता येतं, आणि ते मागायला संकोचू नकोस. मी दोन महिन्यांत बरी वाटले म्हणून थांबले आणि सहा महिन्यांत फेरिटिन पुन्हा ११ वर आलं. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावर पुढे साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे कणगी भरते. ते मी दुसऱ्या खेपेला शिकले.

बी-१२ ची मला इंजेक्शनं दिली, १००० मायक्रोग्रॅमची, आधी दिवसाआड, मग महिन्याला एक. मुंग्या जायला पाच महिने लागले. तिसऱ्या महिन्यात मला वाटलं होतं की हे आता असंच राहणार. ड जीवनसत्त्वही कमी होतं, त्याची आठवड्याला एक मोठी गोळी जेवणानंतर. ती आठवड्याचीच आहे हे लक्षात ठेव, रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम धोक्याइतकं चढू शकतं.

आणि तपासणीआधी स्वतःहून लोह सुरू करू नकोस, मी कितीही लिहिलं तरी. थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक असलेल्या माणसाच्याही पेशी लहान दिसतात आणि त्याला लोहाची गरज असेलच असं नाही. काहींच्या शरीरात तर ते नको इतकं साठतं.

डॉक्टरांकडे "दमते" एवढंच सांगू नकोस, ते रोज पन्नासजणी सांगतात. तू काल मला जे सांगितलंस तेच सांग: पूर्वी एका दमात तीन जिने चढायचीस आणि आता पहिल्याच वळणावर कठडा धरून उभी राहतेस. पाळीच्या तारखा आणि रात्रीच्या खेपा कागदावर लिहून ने. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलीस, तर मात्र तारखेची वाट पाहायची नाही, तसंच उठून दवाखान्यात जायचं.

शनिवारी मी रजा टाकली आहे. सकाळी उपाशीपोटी तयार राहा, रक्त द्यायला मी तुझ्याबरोबर येते. फेरिटिन, सीआरपी, बी-१२, फोलेट, ड, थायरॉईड, एवढं लिहून द्यायला मी डॉक्टरांना आजच निरोप पाठवला आहे. जुने रिपोर्ट शोधून ठेव, तुझ्या बाळंतपणाच्या वेळचेसुद्धा. सापडले नाहीत तर राहू दे, शोधताना दमू नकोस, मी आल्यावर कपाट मिळून उघडू.

तुझीच,
जिच्याशी काल खोटं हसलीस ती