कुवेतमधल्या हवल्लीच्या उस्तादांना, पस्तीस वर्षांनी

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. माझं अरबी भाजी घेण्यापुरतंच होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या मुलांपैकी कुणी तरी मोबाइलवर भाषांतर करून वाचून दाखवेल, या भरवशावर.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि बघता बघता आमच्याकडची सगळी कागदपत्रं रद्दी झाली. बँकेला टाळं, ह्यांच्या कंपनीचा मालक परागंदा. इराकी दिनाराच्या कितीतरी पट मोल असलेला कुवेती दिनार हुकुमाने एकास एक झाला आणि पुढे चलनातूनच गेला. आमची आयुष्याची पुंजी त्यात होती.

बिल्डिंगमधली आपलीच माणसं सांगायची, पॅलेस्टिन्यांपासून जपून राहा, ते सद्दामच्या बाजूचे. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर. जिन्यातल्या सलामापलीकडे आपला संबंध नव्हता. पण पहाटे बेकरीच्या रांगेत उभं राहून तुम्ही खुबूस आणायचात तेव्हा आमच्या वाटणीचेही आणायचात, आणि बेल न वाजवता पिशवी कडीला अडकवून जायचात. त्या वर्षी आम्ही सुपारीचाच गणपती पुजला. नैवेद्याला गूळखोबरं कुठलं मिळायला! वहिनींनी दिलेले खजूर ठेवले.

आम्ही निघायचं ठरवलं तेव्हा वाटेत चौक्यांवर सोनं काढून घेतात अशी बोलवा होती. वहिनींनी आमच्या धाकटीची उशी मांडीवर घेतली, एका बाजूने उसवली, माझ्या पाटल्या आणि मंगळसूत्र कापसात खोल खुपसलं. परत शिवताना दोरा मात्र उसवलेलाच वापरला. नवा दोरा दिसला तर शिपायाला शंका यायची. एवढं त्यांना कसं सुचलं, देव जाणे. शिवाय बसभाड्याला कमी पडलेले इराकी दिनार तुम्ही ह्यांच्या खिशात कोंबलेत. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या हद्दीवरचे तंबू, अम्मान. धाकटी त्या उशीवर डोकं ठेवून मुंबईपर्यंत आली. एअर इंडियाने लाखाहून जास्त माणसं आणली, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण अम्मानपर्यंतची आमची वाट तुम्ही काढून दिली होती.

त्या पाटल्या मोडून ह्यांनी रत्नागिरीत किराणा दुकान टाकलं. आणि एक गंमत झाली. हे बँकेत महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवायचे, बाकीचे तांदळाच्या डब्यात. स्कूटरची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. पासपोर्टांची पिशवी दारामागच्या खिळ्याला, कायम. कोस्टगार्डचं हेलिकॉप्टर रात्री घरावरून गेलं की उठून बसायचे आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही. पण दुकानात उधारी मागायला कुणीही येवो, जामीन विचारायचे नाहीत. मी भांडायचे. हे म्हणायचे, ‘उस्तादांनी आपल्याला जामीन विचारला होता का?’ काही उधाऱ्या बुडाल्या, अर्थातच.

माझी थोरली असलं बरंच वाचते. ती म्हणाली, सिएरा लिओनमधल्या यादवीनंतर अभ्यासकांना दिसलं की ज्या घरांना युद्धाची झळ जास्त बसली, तीच माणसं गावच्या बैठकांना आणि मतदानाला जास्त जातात. मी म्हटलं, ह्यांच्यासारखीच. मग तिने पुढचं सांगितलं: लढाईने आलेला असा आपलेपणा बहुतेक ठिकाणी आपल्याच माणसांपुरता असतो, परक्यापर्यंत पोचेलच असं नाही. हे मात्र मला आमच्या घराला लावता येईना. तुम्ही आमचे कोण होतात? ना गावचे, ना जातीचे, ना देशाचे.

१९९१ मध्ये कुवेत सुटलं आणि तुमच्या लोकांवर राग निघाला. पॅलेस्टिनी नेते अराफातांनी सद्दामला साथ दिली, भोगावं लागलं शाळामास्तरांना. युद्धाआधी चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी तिथे होते. त्यातले फार थोडे राहिले. बहुतेक जॉर्डनला गेले म्हणे. तुम्हीही त्याच रस्त्याने गेलात का? तेव्हा तुमच्या दाराच्या कडीला कुणी पिशवी अडकवली का? तुमचा विश्वास कशावर उरला, हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारावंसं वाटतं.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने इराकी तेलाच्या पैशातून आम्हाला भरपाई दिली. हे तेव्हा म्हणाले, यातले उस्तादांचे दिनार आधी बाजूला काढ. काढले. त्यांचं वेगळं पाकीट केलं. हे गेले, तरी ते तसंच आहे. फक्त आता ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे, कारण तांदळाच्या डब्यावर माझा तेवढा विश्वास नाही.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. पत्ता कळवा, म्हणजे पैसे पाठवता येतील. आंबेही पाठवीन, पण सीझनच्या आत कळवलंत तर.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण