मुंबई घड्याळाने बघ

चि. मुक्ता हिला आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की मुंबईत बघण्यासारखं होतं ते दोन रविवारांत बघून झालं, आता नुसती गर्दी उरलीय. मी गप्प बसले, कारण बाबा शेजारीच होते. मुंबईची नालस्ती कानावर पडली की सांगलीच्या माणसाचा दिवस बरा जातो. पण मला राहवेना, म्हणून हे पत्र.

तुला माहीतच आहे, माझा जन्म गिरगावातला. पुढे आजोबांनी पागडीची खोली सोडून बोरिवलीला ब्लॉक घेतला आणि लग्न होईपर्यंत मी बोरिवली ते चर्चगेट ये-जा करून फोर्टात नोकरी केली. त्या शहराबद्दल माझं एकच म्हणणं आहे. मुंबईत कुठे जायचं हे कुणीही सांगेल. विचारायचं असतं ते किती वाजता जायचं. तू मरीन ड्राइव्हला गेलीस रविवारी संध्याकाळी सातला, म्हणजे अख्खी मुंबई जाते तेव्हा. तुला समुद्र दिसणार कसा? माणसांच्या पाठी दिसल्या असतील.

आधी लोकलचं बोलू, कारण तुझ्या दिवसाचा मोठा तुकडा तिथेच जातो. गोरेगावहून लोअर परळला जाताना फास्टच्या मोहात पडू नकोस. लोअर परळला फास्ट थांबत नाही, आणि दादरला उतरून स्लो पकडताना जी धक्काबुक्की होते तिच्यात वाचवलेली मिनिटं तर जातातच, वर ओढणीही जाते. गोरेगावहूनच सुटणारी चर्चगेट स्लो बघ. आणि रोज तीच गाडी, तोच डबा, तेच दार. थोड्याच दिवसांत चेहरे ओळखीचे होतात, मग नावं कळतात, मग कुणाच्या सासूचं ऑपरेशन कधी आहे तेही कळतं. संध्याकाळी परतताना लेडीज डब्यात शिरलीस की मोबाइलमध्ये डोकं खुपसून दारात उभी राहू नकोस. आत जा आणि बसलेल्या बाईला विचार, "कुठे?" ती म्हणेल "बांद्रा" किंवा "अंधेरी". तेवढ्यावर ती सीट तुझी झाली. मागून कितीही जणी आल्या तरी तो शब्द फिरत नाही. लेखी काही नाही, साक्षीदार नाही, तरी त्या व्यवहारात फसवणूक झालेली मी पाहिली नाही. आपल्याकडे बांधाच्या एका फुटासाठी भाऊ भाऊ कोर्टात जातात, म्हणून मला त्याचं फार अप्रूप.

तीन जणींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर लाजायचं नाही, टेकायचं. समोरची गवार मोडत असेल तर तू दोन शेंगा मोडून दे. कानातले आणि क्लिपा विकणारी बाई येईल; तिच्याकडचे झुमके दुकानात चौपट किमतीला मिळतात, हे तुला चार महिन्यांनी आपोआप कळेल. 1992 मध्ये वेस्टर्नवर पहिली लेडीज स्पेशल सुटली तेव्हा आम्ही अख्खी गाडी माहेर असल्यासारख्या वागायचो. दसऱ्याच्या सुमाराला डब्याला झेंडूची तोरणं लागायची, आरती व्हायची, पेढे फिरायचे. अजूनही होतं म्हणे. त्या दिवशी मुद्दाम नेहमीच्याच गाडीने जा.

आता दादर. तुझ्या रोजच्या वाटेवरचं स्टेशन, पण तू ते फक्त खिडकीतून बघतेस. एकदा पहाटेच्या गाडीने ये आणि पाचच्या सुमाराला पश्चिमेला पुलाखालच्या फुलबाजारात जा. नऊला गेलीस तर तुडवलेली पानं आणि चिखल दिसेल, पाचला फुलं दिसतील. झेंडूची पोती नुसती ओतलेली असतात, पिवळा ढीग आणि केशरी ढीग, आणि त्यांच्यामधून डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल "बाजू, बाजू" करत जातात. शेवंती, निशिगंध, ओल्या फडक्यात गुंडाळलेली अबोली. एका बाजूला पालघरकडून पहिल्या गाडीने आलेल्या बायका बेल, दूर्वा, आंब्याचे टहाळे मांडून बसलेल्या असतात. भाव विचारून पुढे जायचं नाही, पावशेर तरी घ्यायचं. गिऱ्हाईक नसलेल्या माणसाला तिथे उभं राहायला जागा नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र तिकडे फिरकू नकोस. तो दिवस धंदा करणाऱ्यांचा.

फोर्टचा दिवस रविवार आणि वेळ सकाळची. आठवडाभर जिथे पाऊल ठेवायला जागा नसते तिथे त्या दिवशी कबुतरं आणि क्रिकेट, दोनच गोष्टी उरतात. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानावर जा. पूर्वेला हायकोर्ट आणि 1878 मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर, पश्चिमेला 1930 नंतरच्या त्या गोल कोपऱ्यांच्या गच्च्या असलेल्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही बाजू मिळून 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. पण मी तुला पाठवते आहे ती मधल्या मॅचेस बघायला. एकाच मैदानावर इतक्या मॅचेस चालतात की एकीचा पॉइंटचा फील्डर दुसरीच्या अंपायरला खेटून उभा असतो. चेंडू कुठल्या मॅचचा आहे हे बघून मगच अडवायचा की सोडायचा ते ठरतं. अर्धा तास कुंपणाशी उभी राहा, कोण कुणाविरुद्ध खेळतंय ते तुला कळणार नाही, आणि खेळणाऱ्यांना मात्र कधीच चुकत नाही. तिथून चालत हुतात्मा चौकावरून एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर जा. 1833 ची इमारत. पायऱ्यांवर बसायला कुणी हटकत नाही.

येताना चर्चगेटऐवजी सीएसएमटीहून हार्बरची गोरेगाव गाडी पकड. वेळ जास्त लागतो, पण रविवारी खिडकी मिळते. मस्जिद, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. बंदरावर पोट असलेली ही मुंबई वेस्टर्नवाल्यांना जन्मात दिसत नाही. फक्त निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, कुठे आहे ते बघ, नाहीतर माझ्या नावाने खडे फोडशील. तुझी ती नवी भुयारी मेट्रो आरेहून थेट कफ परेडला जाते, आमच्या गिरगावातही तिचं स्टेशन झालं, सगळं खरं. कामाला निघालीस तर खुशाल तिनेच जा. शहर बघायला निघालेल्या माणसाने जमिनीखाली कशाला शिरायचं?

तू म्हणालीस, कुणी सोबत नसतं म्हणून शनिवार-रविवार खोलीतच जातो. मुक्ता, एकटीने फिरायला याहून बरं गाव या देशात मला माहीत नाही. इथे सांगलीत मी एकटी हॉटेलात शिरले तर संध्याकाळपर्यंत तीन घरांत चौकशी होते, वहिनींचं घरी काही बिनसलंय का म्हणून. माटुंग्याला रविवारी सकाळी सातला जा. कॅफे मद्रासच्या दारात वही असते तिच्यात नाव घाल, पुढे "एक" लिही. एकटं माणूस लवकर आत जातं, कारण कुठल्यातरी टेबलाला एक खुर्ची रिकामी असतेच. समोर अनोळखी आजोबा पेपर वाचत असतील. ते त्यांचा रसम-वडा खातील, तू तुझी इडली, आणि कुणी कुणाला काही विचारणार नाही. फिल्टर कॉफी आली की वाटीतून पेल्यात दोनदा खालीवर कर, मग पी. बाहेर पडून दोन पावलांवर गजरेवाले आहेत. सोमवारी ते हॉटेल बंद असतं, हेही लिहून ठेव.

असाच एकटीचा दुसरा दिवस भायखळ्याला घालव. राणीच्या बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 चं. तिथे जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, प्रत्येकाची पगडी वेगळी; त्या सावकाश बघायच्या. बाहेर आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्यापाशी फोटो काढतात आणि पुढे पेंग्विन बघायला पळतात. हा हत्ती मूळ घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला तेव्हा उचलताना तो पडून फुटला, आणि 1914 मध्ये तुकडे जोडून इथे उभा केला. सांधे अजून दिसतात. आधी हा हत्ती बघ आणि मग हिवाळ्यात गेटवेहून लाँचने घारापुरीला जा. भायखळ्याला बुधवारी सुट्टी, घारापुरीला सोमवारी.

पावसाचं नीट वाच. तू कृष्णेचा पूर बघितलेली मुलगी आहेस म्हणून तुला वाटेल पाण्याचं मला काय सांगतेस. पण तो हिशेब वेगळा आहे. आपल्याकडे कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विन पुलाला किती फूट झालं हे बघत दोन दिवस सामान माळ्यावर चढवता येतं. मुंबईचं पाणी दोन तासांत येतं, आणि ते नदीपेक्षा समुद्रावर जास्त अवलंबून असतं. मोठी भरती असली की नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. त्याच वेळी मुसळधार लागली की हिंदमाता आणि मिलन सबवे तुंबलेच. ओहोटी लागली की उतरतं. म्हणून जून ते सप्टेंबर पेपरातली भरतीची वेळ बघायची सवय लाव. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. साडेचार मीटरच्या वरचा आकडा आणि जोराचा पाऊस एकाच दिवशी असेल तर ऑफिसात थांब, मैत्रिणीकडे थांब, पण तुंबलेल्या पाण्यातून चालत निघू नकोस. खाली मॅनहोल उघडं असलं तर कळतही नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मामाचा पत्ता लागेपर्यंत मी इथे फोनपाशी बसून होते.

इतकं भेडसावून झाल्यावर आता खरं सांगते, मुंबईची मजा पावसातच. मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हवर लाट कठड्यावरून रस्त्यावर येते. तू रस्त्याच्या अलीकडे, इमारतींच्या बाजूला उभी राहून बघ, कठड्याशी जाऊ नकोस. आणि जुलैत बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून कान्हेरीला जा. लेणी शंभरावर आहेत, पण पावसात बघायचं ते पाणी. भिक्षूंनी कातळात बोटभर रुंदीच्या चरी खोदून पाणी टाक्यांत वळवलंय. उन्हाळ्यात त्या रेघा वाटतात. पावसात एक टाकं भरून दुसऱ्यात ओतताना दिसतं आणि मग ते सगळं डोक्यात शिरतं. तिथेही सोमवारी सुट्टी.

तुझ्या ऑफिसाबद्दल थोडं. तू ज्या काचेच्या इमारतीत बसतेस तो सगळा भाग गिरणगाव. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मी शाळेत होते. वर्गातल्या दोघी त्या वर्षात गावी गेल्या, कायमच्या. कुठे कुठे गिरणीची चिमणी अजून उभी आहे. जेवणाच्या सुट्टीत मॉलमध्ये जाण्यापेक्षा डिलाईल रोडवर एक फेरी मार. गणपतीच्या आधी तीन-चार आठवडे संध्याकाळी लालबाग-परळच्या कारखान्यांत डोकाव; प्लास्टिकच्या मांडवाखाली मूर्ती उभ्या असतात आणि एखादा कारागीर शिडीवर चढून डोळे रंगवत असतो. राजाच्या रांगेत उभी राहिली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. आणि एप्रिलमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन मला दोन किलो मसाला कुटून आण: बेडगी आणि संकेश्वरी निम्मी निम्मी, लवंगी मूठभर, मिरची तिथेच भाजून घे आणि डंकावर कुटताना समोर उभी राहा. नाकाला रुमाल बांध.

पुढच्या महिन्यात मी आठ दिवस येतेय. पेपरात नाटकांच्या जाहिराती बघून शिवाजी मंदिरची रविवार दुपारची दोन तिकिटं काढ, कुठलंही नाटक चालेल, बाल्कनी असली तरी चालेल. मध्यंतरात बटाटेवड्याला खाली पळायला लागतं, तेव्हा जागा कडेची घे. बाबा येत नाहीयेत.

तुझी,
आई