मुक्तास पत्र: दिलंय तेवढंच वाच

सांगोला
रविवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बँकेच्या परीक्षेसाठी रोज ढीगभर प्रश्न सोडवते, पण रीझनिंगचे गुण हलतच नाहीत." आवाजावरूनच कळत होतं किती थकली आहेस. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

तू पाठवलेल्या मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, फोटो मी पेन्सिल घेऊन एकेक करून पाहिले. तुझी अक्षरमाला चुकत नाही, संख्यामालिका चुकत नाही, सांकेतिक भाषेत तर तुझा हात माझ्यापेक्षा भराभर चालतो. चुकतंय ते विधान-अनुमान, विधान-गृहीतक, उताऱ्यावरचे प्रश्न आणि बैठक व्यवस्था. म्हणजे जिथे आकडे कमी आणि वाचायचं जास्त, नेमकं तिथेच. प्रश्नात जे लिहिलेलंच नाही ते तू तुझ्या मनाने त्यात घालतेस. शिष्यवृत्तीच्या मुलांना इतकी वर्षं बुद्धिमत्ता चाचणी शिकवतेय, त्यात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय: ज्या पोराला बाहेरचं जास्त ठाऊक, ते इथे जास्त घसरतं.

एक साधा प्रश्न घे.

विधाने: सर्व आंबे फळे आहेत. काही फळे आंबट आहेत.
अनुमान 1: काही आंबे आंबट आहेत.

परसातल्या झाडाच्या कैऱ्या खाऊन दात आंबवून घेतलेली मुलगी 'बरोबर' म्हणणारच. पण हे अनुमान निघत नाही. कागदावर काढून बघ. फळांचं मोठं वर्तुळ, त्याच्या पोटात आंब्यांचं लहान वर्तुळ. आता आंबट वस्तूंचं वर्तुळ फळांच्या वर्तुळात कुठेतरी शिरलं पाहिजे, दुसरं विधान एवढंच सांगतं. ते आंब्यांपर्यंत पोचेल किंवा अलीकडेच थांबेल. अलीकडे थांबणारं एक जरी चित्र काढता आलं, तरी अनुमान बाद. आंबा खरोखर आंबट असतो की नाही, हे इथे कुणी विचारलेलंच नाही.

आता त्याखाली दुसरं ठेव.
अनुमान 2: एकही आंबा आंबट नाही.

तेही एकटं निघत नाही. मात्र दोन्ही शेजारी ठेवलीस की दिसेल, यातलं एक खरं असायलाच हवं, तिसरी वाट नाही. म्हणून उत्तर येतं 'एकतर 1 किंवा 2'. तू पाठवलेल्या प्रत्येक मॉकमध्ये हा पर्याय तुझ्या हातून सुटलाय. तो लावायचा कधी? दोन्ही अनुमानांत ज्याच्याविषयी बोलतोय ते एकच, जे म्हणतोय तेही एकच, एकात 'काही आहेत' तर दुसऱ्यात 'एकही नाही' (किंवा एकात 'सर्व आहेत' तर दुसऱ्यात 'काही नाहीत'), आणि दोहोंपैकी एकही स्वतंत्रपणे सिद्ध होत नाही. यातली एक अट जरी तुटली तरी तो पर्याय विसरायचा. आणि 'सर्व आंबे आंबट असण्याची शक्यता आहे' असं विचारलं तर बेलाशक हो म्हण, कारण तसं चित्र काढता येतं. निश्चित काय ते विचारलं असेल तर काढता येतील तेवढ्या सगळ्या चित्रांत ते खरं ठरलं पाहिजे. शक्यता विचारली असेल तर एक चित्र पुरतं. हा फरक पक्का झाला ना, की सिलॉजिझमचे, म्हणजे या विधान-अनुमानाचे, अर्धे प्रश्न तुला सोपे वाटायला लागतील.

आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, हे फार पूर्वीपासून शिकवत आलेत. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्यांनी ते मांडतात. मला त्यातलं सगळ्यांत आवडतं ते पुढचं. उलटं करून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. एवढं एक उदाहरण आणि विधान कोसळलं. 'सर्व अ हे ब आहेत' यावरून 'सर्व ब हे अ आहेत' असं झटकन धरून चालायची सवय तुला आहे. परीक्षेत तसं झालं की तो लोखंडाचा गोळा आठव.

तू मागे चिडून म्हणाली होतीस की बँकेत जाऊन मी काय लोकांना गोल टेबलाभोवती बसवणार आहे का. तुझा राग मला कळतो. या चाचण्यांचा उगमही बँकेत झाला नाही. बिने आणि सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी 1905 मध्ये पॅरिसला पहिली चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना मदत लागेल हे ओळखायला. पुढे पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, अमेरिकी सैन्याने शेकडो जणांना एकाच वेळी बसवून सोडवता येईल अशी लेखी चाचणी बनवली. समसंबंध, संख्यामाला हे प्रकार तीतही होते. मोठ्या गर्दीतून थोडे निवडायचे, तेही थोडक्या वेळात, ही गरज तेव्हाही होती आणि आजही तीच आहे. पण कामाशी काहीच संबंध नाही, हे मात्र मला पटत नाही. समज, तू काउंटरवर आहेस. परिपत्रकात लिहिलंय की 60 वर्षे पूर्ण झालेल्यांना मुदत ठेवीवर जादा व्याज मिळेल. समोरचा बावन्न वर्षांचा माणूस विचारतो, मला जादा मिळेल का. 'साठच्या आतल्या कुणालाच मिळत नाही' असं तू बोलून गेलीस तर? परिपत्रक तसं म्हणत नाही. तो बँकेचाच कर्मचारी असेल तर त्याला वेगळ्या नियमाने जादा दर मिळू शकतो. दिलेल्या वाक्यापुरतं थांबायचं, हीच सवय तिथेही लागते. म्हणून हा अभ्यास वाया जातोय असं मनात आणू नकोस.

गृहीतकाकडे येते, कारण अनुमान आणि गृहीतक यांत तुझी गल्लत होते. अनुमान विधानातून निघतं, गृहीतक म्हणजे बोलणाऱ्याने न बोलता आधीच धरलेलं. समजा सूचना आहे: '31 मार्चपूर्वी पाणीपट्टी भरणाऱ्यांना ग्रामपंचायत सूट देईल.' गृहीतक 1: सूट मिळाल्यास काही लोक लवकर पैसे भरतील. गृहीतक 2: गावातले बहुतेक लोक पाणीपट्टी थकवतात. तू दुसऱ्यावर खूण केली असतीस, कारण आपल्या गावात ते खरं आहे. अशा वेळी गृहीतक उलटं करून पाहायचं. सूट दिल्याने कुणीही लवकर भरणार नाही, असं समजू. मग सूट जाहीर करण्यात काही अर्थच उरला नाही, सूचना कोलमडली. म्हणजे पहिलं गृहीतक सूचनेच्या पोटात आहेच. आता दुसरं उलटं कर. बहुतेक लोक वेळेवर भरतात. तरीही सूचना काढता येते, राहिलेल्या थोड्यांसाठी किंवा पैसे लवकर हातात यावेत म्हणून. सूचना तशीच उभी, म्हणजे ते गृहीतक नव्हे.

उताऱ्याचंही तेच. पर्यायात 'फक्त', 'सर्वच', 'कधीही नाही' असं काही दिसलं की उताऱ्यात तितकं ठाम लिहिलंय का ते बोट ठेवून शोध. बोट ठेवायला ओळ सापडली नाही तर तो पर्याय कितीही शहाणा वाटो, सोडून दे. नात्यांच्या प्रश्नात किरण, सुमन अशी नावं आली की तू आपोआप पुरुष किंवा बाई ठरवतेस. प्रश्नाने सांगेपर्यंत ठरवायचं नाही, आकृतीत प्रश्नचिन्ह ठेवायचं.

आता बैठक व्यवस्था. तुझ्या कच्च्या कागदावर खोडाखोड फार दिसते. म्हणजे तू एकच मांडणी गृहीत धरून पुढे जातेस आणि अडलं की पुसतेस. हे बघ:

आशा, बीना, चित्रा, दीपा, ईशा उत्तरेकडे तोंड करून एका ओळीत बसल्या आहेत. चित्रा बरोबर मधे आहे. दीपा आशाच्या लगेच उजवीकडे आहे. ईशा टोकाला नाही.

पक्कं काय ते आधी लिही: चित्रा तिसरी. आशा-दीपा ही जोडी पहिल्या-दुसऱ्या जागेवर बसेल किंवा चौथ्या-पाचव्या. दोन्ही ओळी एकाखाली एक मांड, काही पुसू नकोस. पहिल्यात येतं: आशा, दीपा, चित्रा, ईशा, बीना. दुसऱ्यात: बीना, ईशा, चित्रा, आशा, दीपा. आता विचारलं 'ईशाच्या शेजारी कोण?' तर दोन्ही ओळींत उत्तर एकच, चित्रा आणि बीना. मांडणी एक ठरली नाही तरी उत्तर ठरलं. आणि 'डाव्या टोकाला कोण?' विचारलं तर उत्तर 'माहिती अपुरी'. तू हा पर्याय भीतीने टाळतेस, असं मला फोटोंवरून वाटलं. दोन्ही ओळी समोर असल्या की त्यावर खूण करायला हात कचरणार नाही. वर्तुळात बसलेल्यांची तोंडं आत असतील तर उजवी बाजू घड्याळाच्या उलट दिशेला येते, बाहेर असतील तर घड्याळाच्या दिशेने. कागदावर बाण काढूनच सुरुवात करत जा.

वेळेचं गणित तुला ठाऊक आहेच, पण ते समोर ठेवून वागत नाहीस. आयबीपीएसच्या (बँकभरतीची परीक्षा घेणारी संस्था) क्लार्क पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे 35 प्रश्न, वेळ 20 मिनिटं. सरासरी प्रश्नामागे 34 सेकंद. पाच प्रश्नांचं एखादं पझल चार-पाच मिनिटं सहज खातं, तेव्हा सुटे प्रश्न आधी उचल, पझल नंतर, त्यातही पक्क्या सूचना जास्त असलेलं आधी. ए-झेडच्या जागांसाठी ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे 5, 10, 15, 20, 25 आणि समोरासमोरच्या अक्षरांची (ए-झेड, बी-वाय) बेरीज 27, एवढं तोंडपाठ आहेच तुझं.

निगेटिव्हचं म्हणशील तर पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा. डोळे मिटून पाच प्रश्न ठोकलेस तर सरासरी एक बरोबर येईल आणि चार चुकतील. एक गुण आला, चार पाव गेले, हाती शून्य. एक पर्याय खात्रीने बाद केलास तर थोडा फायदा, दोन बाद केलेस तर बऱ्यापैकी. म्हणून एकही पर्याय बाद होत नसेल तर पुढे चल. सरळसेवेला मात्र जाहिरात नीट वाच. 2023 च्या तलाठी भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते, तिथे एक प्रश्न रिकामा ठेवणं म्हणजे नुकसान. तुझी रूममेट राज्यसेवेचं करते, तिला पूर्वपरीक्षेच्या पेपर 2 मध्ये, जिथे हे रीझनिंग येतं, 33 टक्के मिळाले की पुरे. तिचं बघून तू वेळ ठरवू नकोस, तुझे इथले गुण कटऑफमध्ये मोजले जातात.

प्रश्नांची संख्या कमी कर. रोज निम्मेच सोडव, पण चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत पूर्ण उतरव. उत्तरपत्रिकेतलं स्पष्टीकरण लगेच वाचू नकोस. आधी तू निवडलेला पर्याय लिही, आणि तो का बरा वाटला हे स्वतःच्या शब्दांत एका ओळीत. 'गावात असंच असतं म्हणून', 'नाव बाईचं वाटलं म्हणून', 'उलटं धरलं म्हणून'. आठवड्याने तीच वही झाकून पुन्हा सोडव. पंधराएक दिवसांत त्या ओळी सारख्याच यायला लागतील, आणि मग नेमकं काय सांभाळायचं ते तुला कुणी सांगायला लागणार नाही.

अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसतेस ते आवर. हे प्रश्न पेंगत सोडवायचे नाहीत. तुझी परीक्षा सकाळच्या पाळीत पडू शकते, तेव्हा मॉकही सकाळीच लाव. मेसचं जेवण बरं नसेल तर सांग, बाबा पुढच्या शुक्रवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी पाठवते.

पुढच्या रविवारी मॉक झाला की गुण नंतर सांग. आधी वहीतले चुकलेले प्रश्न फोनवर वाचून दाखव, तू लिहिलेल्या त्या एका ओळीसकट. मी कागद-पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
आई