दत्तास पत्र: टेम्पो सुटायच्या आधी

दिंडोरी,
१२ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

आषाढापासून तुला ना पत्र, ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा आपला तसाच.

गोष्ट तुझ्याच सुरगाण्याची आहे. द्राक्षछाटणीला आलेली तुझ्याकडची मजुरांची टोळी जानोरीच्या बाजूला एका मळ्यात उतरलीय. तिथल्या ताडपत्रीच्या झोपडीत बांबूला टांगलेल्या पिशवीत टीबीच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या, एकीतल्या फक्त दोन गोळ्या काढलेल्या. बाई ४३ किलोची. रोज ३ गोळ्या, २८ दिवसांच्या ८४. दहा दिवस घेतल्या आणि बंद. का, तर लघवी तांबडी झाली, बाईला वाटलं रक्त जातंय. तो गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग, हे पहिल्याच दिवशी तिच्या बोलीत सांगायला कुणाचं काय गेलं असतं?

तू लगेच म्हणशील, "लोकच हलगर्जी." वणीला आपलं यावरूनच वाजलं होतं. भजी तू एकट्याने संपवलीस, मुद्दा तिथेच राहिला.

आता ऐक. मुकादमाने उचल वाटली की कोण जाणार ते आशाताईला तोंडपाठ असतं. त्याच आठवड्यात त्यांच्यातल्या औषध चालू असलेल्या टीबी रुग्णांची यादी काढ. वजन नव्याने घे. ५० किलो भरलं की ३ च्या ४ गोळ्या होतात. महिन्याचं औषध हातात दे. निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव इकडे ट्रान्सफर कर आणि लगेच मला फोन कर, कारण इकडे कुणी ॲक्सेप्ट करेपर्यंत ते अधांतरीच राहतं. निक्षय आयडी जाड पेनाने कागदावर लिहून आधारकार्डाच्या पाकिटात घाल. रुग्णाचा मोबाईल रिचार्ज संपला की मेला, म्हणून मुकादमाचाही नंबर घे. पण त्याला आजार सांगू नकोस, बाईला टेम्पोतूनच उतरवतील.

हिचा खंड तीन आठवड्यांचा, म्हणून गोळ्या तिथूनच पुढे चालू केल्या. महिना उलटला असता तर थुंकी पुन्हा तपासण्यापासून सुरुवात. आणि ओपीडी सकाळची, छाटणीही सकाळची. एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. त्यामुळे थुंकीची डबी आदल्या संध्याकाळी मळ्यावर पोचवावी लागते. उठल्याबरोबर चूळ भरून खोल खोकायचं. नुसती लाळ आली तर तपासणी वाया.

रुग्णाला पोषणाचे महिना १,००० रुपये (ऑक्टोबर २०२४ पर्यंत ५०० होते) आधार जोडलेल्या खात्यातच येतात. खातं झोपलेलं असेल तर टोळी निघण्याआधी तिकडेच जागं करून घे. इथून बँकेसाठी सुरगाण्याला कोण जाणार?

शाम्या म्हणाला, तुझा स्लॅब पडला. भरला ना, की खरंच पडला? पोरीचा नर्सिंगला नंबर लागला का? वहिनींना नमस्कार.

द्राक्षांच्या विरळणीला दुसरी टोळी निघेल. तिची यादी शुक्रवारच्या आत पाठव. आणि कुणी येणार असेल तर नागलीचे पापड.

तुझा,
बाळू