बाबांच्या पोटरीचं मी ठरवून टाकलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, चिडू नका. सोमवारपासून तुमच्या पोटरीला लेझर सुरू होतंय, पैसेही भरून झालेत. विचारलं असतं तर "बघू संक्रांतीनंतर" म्हणाला असतात, आणि अण्णांच्या खांद्याच्या वेळी ते "बघू" कुठवर गेलं ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) शिरेत रक्ताची गुठळी नाही, स्नायूच फाटलाय, हे कळल्यावरच ठरवलं.

आई, लेझर म्हणजे ऑपरेशन नव्हे गं. यात कापणं नाही, जाळणं नाही. तांबडा किंवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडीवर धरतात. ताकद अर्ध्या वॉटच्या आत, चटकासुद्धा बसत नाही. 1967च्या सुमारास बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर असा लेझर सोडला, तर केसच लवकर उगवले! (बाबा, टकलासाठी हट्ट धरायचा नाही.) पुढे त्यांनी तो जखमांवर वापरून पाहिला. पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे बारीक भाग, हा प्रकाश शोषून घेतात, त्यातून पेशीला जास्त ऊर्जा मिळते आणि सूज ओसरायला मदत होते, असं मानतात. उंदरांच्या दुखावलेल्या स्नायूंवर निकाल चांगले आहेत, माणसांत मात्र कुठे गुण येतो, कुठे नाही. तुमच्यापासून लपवत नाही. म्हणून तर फिजिओथेरपीवाल्या ताई म्हणाल्या, खरं काम व्यायामाचं, लेझर नुसता जोडीला. मग पैसे कशाला घातले म्हणाल, तर दुखणं थोडं जरी हललं तरी तुम्ही व्यायाम टाळणार नाही, म्हणून.

वेळ चारची घेतलीय. दुपारची झोप मोडणार नाही, चहा घेऊनच निघा. तळमजलाच आहे, पंखाही आहे. मी लंगडीत पाय मुरगळून घेतला होता तेव्हा आंबेहळद उगाळून, माझा पाय मांडीवर घेऊन रात्रभर बसला होतात तुम्ही. आता मला लांबून एवढंच करता येतंय, करू द्या.

आणि ऐका. तिथला काळा चष्मा शेवटपर्यंत काढायचा नाही. "अजून दोन मिनिटं द्या" म्हणायचं नाही, मात्रा जास्त झाली की गुण उलट कमी होऊ शकतो. सगळ्या गोळ्यांची यादी ताईंना दाखवा. पोटरी अचानक सुजली, लाल-गरम झाली किंवा धाप लागली, तर लेझर राहू दे, तडक डॉक्टर गाठा.

आई, बाबा जिना चढून गच्चीकडे निघाले की मला फोन लाव. रिक्षावाल्याला पैसे देऊ नका, महिन्याचे दिलेत.

तुमची,
मनू